दर्भाचा कावळा आणि तुटलेला दोर

खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी पूर्ण प्राथमिक शाळेत मी वरच्या वर्गांना भाषा शिकवते. ज्या दोन भावंडांविषयी लिहीत आहे ती त्या वर्षी आमच्याच शाळेत होती. थोरला सहावीत, अकरा वर्षांचा. धाकटी तिसरीत, म्हणजे नली-कलीच्या, पहिली ते तिसरीच्या हसतखेळत शिकण्याच्या एकत्र वर्गाच्या, शेवटच्या वर्षात. त्यांच्या आईच्या संमतीने हे लिहिले आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मुलांचे वडील भाजीचा टेम्पो चालवत. संध्याकाळी बेळगावच्या बाजारात माल भरायचा, रात्री जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असे करत गोव्यात उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी परतायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. जुलै महिन्यात, कणकुंबीच्या अलीकडे, भर पावसात समोरून आलेल्या लॉरीची धडक बसून ते जागीच गेले. अग्नी थोरल्याने दिला. चौदाव्या दिवशी तो शाळेत आला तेव्हा केस उतरवलेल्या डोक्यावर आजोबांची पांढरी टोपी होती, आणि ती त्याच्या भुवयांपर्यंत येत होती.

पहिल्या दिवशी मी काय केले, ते आधी नोंदवले पाहिजे. मी त्याला जवळ घेऊन म्हणाले, ‘‘रडायचं नाही हं, आता घरात तूच मोठा.’’ गावातल्या प्रत्येक माणसाने त्याला हेच सांगितले होते. तो रडत नव्हताच. त्याने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

पुढचे सहा आठवडे त्याच्याविषयी तक्रार करावी असे काही घडले नाही, आणि म्हणूनच आमच्यापैकी कोणाचे लक्ष गेले नाही. गृहपाठ पूर्ण असे. मध्यान्ह आहाराच्या वेळी तो लहान मुलांना ताटे वाटून देई. खेळाच्या तासाला मात्र तो कट्ट्यावर बसून धावा लिहीत राही. बॅटीला हात लावत नसे. मला वाटले, सुतकाचे काहीतरी असेल. धाकटीचे उलट होते. ती हसतखेळत होती, पण रोज शाळा सुटल्यावर घरी जायच्या आधी फाट्यापर्यंत चालत जाई आणि जांबोटीकडून येणाऱ्या गाड्या पाहून परत येई. तिला घरी सांगितले होते की बाबा गोव्यातच कामाला राहिले आहेत. आमच्याकडे गोव्याला कामाला गेलेला माणूस गणपतीला घरी येतोच. त्या वर्षी घरात गणपती बसणार नव्हता, पण तिने तिच्या वर्गाच्या बाईंना विचारले होते, ‘‘बाबा चवथीला येतील न्हवं?’’

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. अपघाताची जागा कर्नाटकाच्या हद्दीत असल्यामुळे पोलिसांचे कागद आणि नंतर मृत्यूचा दाखला, सगळे कन्नडमध्ये आले. आजोबांना आणि आईला कन्नड बोललेले समजते, वाचता येत नाही. घरात कन्नड अक्षरे ओळखणारा एकटा थोरला, कारण शाळेत त्याला कन्नड विषय आहे. वडिलांच्या मरणाचा कागद त्यानेच बोट ठेवून, अडखळत, दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता. दाखल्यावरचा ‘मरण’ हा शब्द समजावून सांगायची गरज पडली नाही. तो दोन्ही भाषांत एकच आहे. सीमाभागातल्या शाळेत शिकवणाऱ्यांना हे चित्र अनोळखी नसेल. तलाठ्याचा उतारा, बँकेची चिठ्ठी, रेशनची नोटीस ही मुलेच घरी वाचून देतात. पण हा कागद त्यांपैकी नव्हता.

गणपतीनंतर मी त्याच्यासाठी पुस्तक शोधू लागले. मराठी शिक्षिकेच्या हाताला अशा वेळी जे पुस्तक लागेल तेच मलाही आठवले. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, 1935 सालचे, आमच्या कपाटात दोन प्रती. मी पहिली काही प्रकरणे त्याला वाचायला दिली आणि शेवटचा भाग घरी स्वतः पुन्हा वाचायला घेतला. आईच्या पिंडाला कावळा लवकर शिवत नाही, जवळची माणसे एकामागून एक आश्वासने देत राहतात, तो प्रसंग वाचताना मी थांबले. मला आमच्या शिपाईमामांचे एक वाक्य आठवले. थोरल्याच्या वडिलांच्या दहाव्याला मलप्रभेच्या काठावर तेही गेले होते. ‘‘पाऊण तास बसलो, कावळा काय शिवला न्हाई बघा. शेवटी भटजीनं दर्भाचा केला.’’ त्या वेळी ते वाक्य माझ्या कानावरून गेले होते. आता मात्र मी विचार करू लागले की त्या पाऊण तासात ओल्या धोतराने उभ्या असलेल्या मुलाच्या मनात काय चालले असेल. ‘काहीतरी इच्छा राहिलीय’, असे तिथले प्रत्येक माणूस म्हणाले असणार.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक त्याच्याकडून परत घेतले. त्याने कारण विचारले नाही. मी त्या पुस्तकावर वाढले आहे आणि त्याची थोरवी मला कोणी सांगायला नको. पण ज्या मुलाला कावळ्याने नाकारले आहे, त्याला कावळा माणसांची मने ओळखतो असे सांगणारे प्रकरण त्या आठवड्यात देणे ही चूक ठरली असती. शिवाय त्यातला मुलगा आईवर जिवापाड प्रेम करणारा आहे. आपल्या मुलाचा प्रश्न कदाचित वेगळा असेल अशी शंका मला तेव्हा आली. काय असेल ते कळत नव्हते.

आठ ते बारा या वयाच्या वाचकांसाठी इंग्रजीत जी कादंबरी लिहिली जाते तिला तिथे ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. आपल्याकडे ती बाल आणि कुमार या दोन खणांत विभागून जाते. या वयाच्या मुलाला मरण म्हणजे काय हे समजत नाही असे नाही. स्पीस आणि ब्रेंट या संशोधकांनी 1984 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की मेलेले परत येत नाही, मेल्यावर शरीराची सारी कामे थांबतात आणि मरण सर्वांना आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात उमगतात. म्हणजे आठ वर्षांची धाकटी फाट्यावर वाट पाहत होती ती समज कमी होती म्हणून नव्हे. मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट ती खरी मानत होती, इतकेच. या वयात नवे येते ते ‘कशामुळे?’ हे विचारणे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मूल पुष्कळदा स्वतःपाशी येऊन थांबवते. ‘मी तसे म्हणालो म्हणून झाले.’ ते उत्तर मूल कोणाला सांगत नाही, आणि घरच्यांना ते सुचत नाही.

मी निवडलेली कादंबरी कॅथरीन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’. ती 1977 मध्ये निघाली आणि 1978 मध्ये तिला बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतले न्यूबेरी पदक मिळाले. लेखिकेच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली, त्यातून हे पुस्तक आले. जेस नावाचा गरीब शेतकरी घरातला मुलगा आणि लेस्ली ही नवी शेजारीण, दोघे ओढ्यापलीकडच्या रानात आपले एक राज्य थाटतात. ओढा ओलांडायला झाडाला बांधलेला एक जुना दोर असतो, त्याला लोंबकळून झोका घ्यायचा. एके दिवशी जेस शाळेतल्या आवडत्या बाईंबरोबर शहरात चित्रे पाहायला जातो. लेस्लीलाही बोलवावे, हे त्याच्या मनात येऊन जाते, पण तो विचारत नाही. त्याच दिवशी पावसाने फुगलेल्या ओढ्यावर दोर तुटतो आणि लेस्ली बुडून जाते.

पुस्तक इंग्रजी, तेव्हा मी रात्री वाचून मराठीत टिपणे काढली आणि शेवटच्या तासाला पाचवी, सहावी, सातवीच्या मुलांना एकत्र बसवून सांगू लागले. आधी माझ्या मनात होते की ओढ्याची मलप्रभा करावी, जेसला इथलाच कोणी करावे. ते केले नाही याचे आज बरे वाटते. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये मांडले की पुस्तक मुलांसाठी आरसा असते, खिडकी असते आणि सरकते काचेचे दारही असते. शोकात असलेल्या मुलाला आपण घाईने आरसा देतो. ज्याला स्वतःकडे बघवत नाही त्याला मला खिडकी द्यायची होती. व्हर्जिनियातला ओढा इतका लांब होता की थोरल्याला त्याच्याकडे डोळे न चोरता पाहता येईल. लांबच्या नावांचा त्रास एवढाच झाला की पाचवीतल्या मुलांनी लेस्लीची पहिल्याच दिवशी ‘लस्सी’ करून टाकली आणि दहा मिनिटे वर्ग हातात राहिला नाही.

चौथ्या दिवशी दोर तुटला. वर्ग गप्प झाला. मग सातवीतला एक मुलगा सहज म्हणाला, ‘‘जेसनं तिला संगट नेलं असतं तर वाचली असती की.’’ थोरला ताडकन उठला, ‘‘मग मारलं त्यानंच!’’ असे ओरडला आणि बाहेर नळावर जाऊन उभा राहिला. सहा आठवड्यांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी मागे गेले नाही. गोष्ट तिथेच थांबवली आणि मुलांना घरी सोडले. मागे जायला हवे होते का, याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही.

त्याच रात्री पुढची टिपणे काढताना एक पान समोर आले. जेसच्या वर्गाच्या कडक बाई त्याला बाहेर बोलावतात आणि सांगतात की त्यांचे यजमान वारले तेव्हा लोक त्यांना रडू नका, विसरा, असे म्हणत राहिले. त्यांना मात्र विसरायचे नव्हते. टोपीखालचा तो चेहरा आणि माझे ‘रडायचं नाही हं’ मला आठवले. ते पान दुसऱ्या दिवशी वर्गात सांगताना माझी नजर थोरल्याकडे वळली नाही, मुद्दाम वळवली नाही.

तास संपल्यावर तो फळा पुसायला थांबला. फळा पुसत, माझ्याकडे पाठ करून, त्याने विचारले, ‘‘बाई, जेसनं कुणाला सांगितलं काय? म्हंजे, बोलवायचं मनात आलतं आणि बोलवलं न्हाई, ते?’’

मी खरे उत्तर दिले की पुस्तकात तो ते कोणाजवळ उघड बोलत नाही.

‘‘मग त्याचं कसं झालं?’’

या एका प्रश्नासाठी पाच दिवस गोष्ट सांगितली होती असे म्हटले तरी चालेल. जेसविषयी विचारता येत होते म्हणून तो विचारू शकला. त्याला स्वतःला कोणी विचारले असते, ‘तुला काय वाटते?’ तर त्याने मान हलवली असती, पहिल्या दिवशी हलवली तशी. मी म्हणाले, ‘‘त्याला फार जड गेलं असेल. तुला काय वाटतं, त्यानं कोणाला सांगायला हवं होतं?’’ मग त्याने सांगितले. अपघाताच्या संध्याकाळी वडिलांनी बाजारातून फोन केला होता. बॅट आणायचे कबूल केले होते आणि ‘पुढच्या खेपेला आणतो’ म्हणाले. थोरल्याने म्हटले, ‘‘बॅट न्हाई आणलास तर घराकडं येऊच नको,’’ आणि फोन कापला. ते आले नाहीत. आणि दहाव्याला कावळाही शिवला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, पण तो खोटा कावळा होता. ‘‘बाबांचा राग गेलाच न्हाई,’’ तो म्हणाला.

‘असे काही नसते रे’ हे वाक्य माझ्या ओठांवर होते. ते म्हटले असते तर त्याने पुन्हा मान हलवली असती. त्याऐवजी मी विचारले, पोलिसांच्या कागदात काय लिहिले होते? त्याला ते पाठ होते. कन्नडमध्ये, जसेच्या तसे, वेळ, ठिकाण, लॉरीचा नंबर, लॉरी वळणावर चुकीच्या बाजूने आली हे वाक्य. मी म्हणाले, ‘‘याचं मराठी कर.’’ त्याने केले. मग बराच वेळ तो फळ्याच्या खडूने ओट्यावर रेघा ओढत बसला आणि म्हणाला, ‘‘दोर जुनाच होता न्हवं. जेस असता तरी तुटलाच असता.’’ लॉरीविषयी तो त्या दिवशी काही बोलला नाही. बोलायला हवे असा आग्रहही मी धरला नाही.

कावळ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि विधीवर टीका करणे हे माझे काम नव्हते. ज्या घरातून ते ओझे आले त्या घरातूनच ते उतरायला हवे होते. ‘‘आजोबांना तू विचारतोस की मी विचारू?’’ असे मी म्हटल्यावर त्याने एक दिवस मागितला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने माझ्यासमोरच विचारले. आजोबा सोप्यात बसून पोत्याची शिवण काढत होते. त्यांचा हात थांबला. ‘‘माझ्या आईच्या येळेलाबी दर्भाचाच केलता,’’ ते म्हणाले. ‘‘आखाडातला पाऊस. असल्या पावसात कावळा कुठनं येतोय? माझ्या आईला माझ्यावर कसला राग असंल रे?’’ तेवढे बोलून ते पुन्हा शिवण काढू लागले, पण दोरा काही हाताला लागेना.

धाकटीच्या बाबतीत मी घाई केली. कोळीण आणि डुकराचे पिल्लू यांची ई. बी. व्हाइट यांची 1952 ची गोष्ट मी नली-कलीच्या वर्गात सांगितली. डुकराचा नायक ऐकून वर्ग लोळला, कारण आमच्या गावात डुकरे गटारात असतात. गोष्टीच्या शेवटी कोळीण जत्रेच्या जागी एकटीच मरते. पिल्लाला तिची अंडी तेवढी घरी नेता येतात. स्वतः व्हाइट यांनी 1970 मध्ये ही गोष्ट ध्वनिमुद्रित केली तेव्हा तो मरणाचा भाग आवाज न फुटता वाचायला त्यांना सतरा वेळा प्रयत्न करावा लागला, हे मला माहीत होते, म्हणून माझा आवाज फुटला तेव्हा मी फारशी लाजले नाही. लाज वाटली ती पुढच्या क्षणी. धाकटीने विचारले, ‘‘कोळीण परत येत न्हाई?’’ मी म्हणाले, नाही. ‘‘आमचे बाबा?’’

घरच्यांशी न बोलता मी त्या मुलीला या दारापर्यंत आणले होते, आणि दार उघडण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तिला जवळ घेऊन सांगितले की आज संध्याकाळी आपण आईला विचारू, आणि शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेले. आईने सांगितले. कसे सांगितले ते इथे लिहिणार नाही. इतकेच लिहिते की वाक्यात ‘गेले’ न म्हणता ‘मेले’ म्हणा, एवढी एकच विनंती मी तिला वाटेत गाठून केली होती, कारण गोव्यालाही माणूस ‘गेला’ असेच आपण म्हणतो. धाकटी पुढे चार दिवस फाट्यावर गेली. पाचव्या दिवसापासून गेली नाही. गोष्ट आधी आणि संमती नंतर, हा क्रम मी पुन्हा करणार नाही.

कादंबरीच्या शेवटी जेस ओढ्यावर फळ्यांचा पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला हात धरून पलीकडे नेतो; तिला त्याने आधी रागाच्या भरात तोंडावर मारलेले असते. आमच्याकडे अशा पुलाला साकव म्हणतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी मुलांना सांगितले की गोष्टीतली तुम्हाला आवडलेली एक जागा काढून आणा. थोरल्याने साकव काढला. कठडा काढला नाही, पण कडेला दोर मात्र काढला, तुटलेला, अर्धा पाण्यात. मी विचारले, आता पूल झाला तर दोर कशाला? तो म्हणाला, ‘‘तो तिथंच हाय की. कुणी काढला न्हाई.’’

सहकाऱ्यांनी मला विचारले की गोष्टींनी मुलगा बरा झाला का. शोक हा ताप नाही, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. विल्यम वर्डेन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या पाहणीतून 1996 मध्ये दाखवले की काही मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षानंतर अधिक दिसतात. ही नोंद अशा वेळी लिहीत आहे की दुसरे वर्ष अजून यायचे आहे. मूल खाणे सोडते, झोपत नाही, स्वतःला इजा करण्याचे बोलते, तिथे गोष्टीचे काम संपते. मी आईजवळ टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लिहून ठेवला आहे आणि तिला तो दोनदा वाचून दाखवला आहे.

डिसेंबरात थोरला पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला, सातवीतल्या मुलांच्या उधार बॅटीने. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा गेला आणि तो पंचांशी भांडला. मला फार बरे वाटले. गणित मात्र घसरले आहे. आणि फोन तो अजून घेत नाही. घरात फोन वाजला की तो उचलतो, बटण दाबतो आणि काही न बोलता धाकटीच्या कानाला लावतो. ती ‘‘कोण बोलतंय?’’ असे विचारते, आणि तिने नाव सांगेपर्यंत तो तिथेच उभा असतो.